पन्हळीतली चरबी

तलावाचे पाणी इतके मागे सरले होते की होडी पाण्यापर्यंत न्यायची तर बापलेकांना गुडघाभर चिखलातून ती ओढावी लागे. उन्हाळा संपायची चिन्हे नव्हती. जो तळ आजवर फक्त जाळ्यांना ठाऊक होता तो आता उघडा पडून भेगाळला होता, आणि बंद पडलेल्या कारखान्याच्या बाजूला त्या भेगांमधून गंजलेली पिंपे डोके वर काढत होती. ती कुणी पुरली हे सांगणारे कुणी उरले नव्हते. कारखान्याच्या भिंतींतून झाडे उगवली होती. पिंपांतून मात्र अजून काहीतरी झिरपत होते. उरल्यासुरल्या पाण्यावर त्याचा तवंग पसरे आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्यात मोरपिशी रंग हलत. म्हातारा वल्ह्याने तवंग बाजूला सारी. वल्हे पुढे गेले की तो मागे पुन्हा मिटे, झोपमोड झालेल्या माणसाने पांघरूण ओढून घ्यावे तसा.

घर बांधाला लागूनच होते. म्हातारा मासे धरी, म्हातारी ते भाजी, आणि मुलगा भाजलेले मासे टोपलीत घालून दगडाच्या खाणीवर विकून येई. सुनेला दिवस गेले होते. तिचे पोट आता लुगड्यातून दिसू लागले होते आणि घरात त्याविषयी कुणी मोठ्याने बोलत नसे. या आधीचे मूल पुरते वाढून जन्माला आले, पण रडले नाही. बांधापलीकडे, जिथे पाणी कधी चढत नाही, तिथे म्हाताऱ्याने ते स्वतः पुरले होते. त्याला नाव दिलेले नव्हते, म्हणून त्याचा उल्लेख करायचा तर घरात नुसते ‘ते’ म्हणत.

भाजणे ही म्हातारीची विद्या. परसात तिने मातीची लांबट चूल घातली होती. तिच्यावर लोखंडी जाळी एका बाजूने उंच, दुसऱ्या बाजूने खाली अशी कललेली असे. तळातला मिशीवाला मासा चरबीने माजलेला असतो. जाळीवर चढला की त्याची कातडी ताणते, फाटते आणि पोटाकडून चरबी पाझरू लागते. ती थेट विस्तवात पडली तर भडका उडून मासा करपतो. म्हणून उतरत्या कडेला पत्र्याची पन्हळ होती. गळलेली चरबी पन्हळीतून घरंगळत खालच्या तपेलीत जमा होई. मासा कोरडा, खरपूस राही, खाणीवर दोन दिवस टिके. आणि तपेलीतली चरबी फडक्यातून गाळून म्हातारी चिनी मातीच्या बरणीत भरे. फेकायची काय म्हणून? तिच्या सासूने ती तिला बाळंतपणात खाऊ घातली होती. तिचा मुलगा त्याच चरबीवर पोसला, आणि आता खाणीचा चढ टोपली घेऊन न थांबता चढत होता.

पिंपे दिसू लागल्यावर सरकारी जीप आली. जीपमधून एक तरुण बाई उतरली. उन्हाने नाक सोलवटलेले, हातात बाटल्यांचा क्रेट. ती पाणी भरी, चिखल भरी, माशांचे तुकडे भरी आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवी. वस्तीतल्या बायकांनी लगेच तिचे नाव बाटलीवाली ठेवले. हे नाव तिच्या कानावर गेले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, यापेक्षा वाईट नावे ठेवलेली आहेत लोकांनी मला. म्हाताऱ्याला ती तेवढ्यावरूनच आवडली.

पुढच्या खेपेला तिने सगळ्यांना जाळी वाळवायच्या शेडखाली बोलावले. वारा धूळ उडवत होता. माशांत विष सापडले आहे, ती म्हणाली. पिंपांतले. तळातल्या माशात जास्त. एकाने विचारले, मग नुकसानभरपाई कोण देणार? ते माझ्याकडे नाही, ती म्हणाली. तो पुन्हा तेच विचारत राहिला, दुसऱ्यांनी त्याला साथ दिली, आणि त्या गलक्यात तिला जे सांगायचे होते ते तिने भराभर सांगून टाकले. तळू नका. रस्सा करू नका. खायचाच असेल तर कातडी काढून जाळीवर चांगला वेळ भाजा, चरबी गळू द्या, विष बरेच कमी होते. गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा मासा अजिबात खाऊ नये.

म्हातारी मागे खांबाला टेकून ऐकत होती. घरी परतताना तिची चाल ताठ झाली होती.

“बघितलंत?” ती नवऱ्याला म्हणाली. “इतकी शिकलेली बाई, पण शेवटी आली माझ्याच चुलीवर.”

“जाळीला तेवढा हार घाल,” म्हातारा म्हणाला. “आणि माशांना विचारलं का कुणी, त्यांना विष चालतंय का ते?”

त्याच्या थट्टेकडे तिने लक्ष दिले नाही. तिच्या मनात विषाला एक रूप आले होते. ते त्या मुक्या पिंपांमधून उठून आलेले, कुणाच्याही अंगात शिरणारे, अंधारात आणि पाण्यात राहणारे होते. आणि असल्या गोष्टी विस्तवाला भितात हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. तळताना ते तेलात बुडून लपते, रश्श्यात पाण्यात लपते. जाळीवर त्याला लपायला जागा नाही. तिथे आग थेट अंगाला भिडते आणि विषाला पळावे लागते. मग ज्याला आग सर्वांत जास्त भिडली, जे आगीने पिळून मासळीतून बाहेर काढले, त्याच्याइतके निर्मळ दुसरे काय असणार? बरणीतली चरबी थंड झाल्यावर पांढरीशुभ्र थिजे. डाग म्हणून कुठे नसे.

त्या दिवसापासून सुनेच्या ताटात मासा पडला नाही. याबाबतीत म्हातारी कडक होती. सून भाताला मीठ लावून घास गिळे आणि निम्मे ताट सारून उठे. खाणीवरचे गिऱ्हाईक तुटले होते. टोपली भरलेली जाई आणि जवळजवळ तशीच परत येई. मुलाने चिखल उपसायच्या कामावर नाव घातले. पिंपांभोवतीचा गाळ फावड्याने काढून लोखंडी पेटीत भरायचा. त्याला रबरी बूट मिळत, पण ते कामावरच ठेवून यायचे असत. संध्याकाळी फाटकाशी उभे करून नळीने त्याच्या अंगावर पाणी मारत, आणि मुकादम दुरूनच ओरडे, वळ, आता पाठ, आता हात वर. तो घरी ओला येई. बायकोच्या जवळ बसत नसे. बाहेरच्या दगडावर कपडे वाळेपर्यंत थांबे आणि तिथूनच विचारी, जेवलीस का. आतून कधी हो येई, कधी काहीच येत नसे.

सुनेचे खांदे उतरू लागले होते. म्हातारीला झोपेतही तिची हाडे दिसत. ते आधीचे, न रडलेले, तिला आठवे. त्याचे ओठ कसे निळसर होते आणि मुठी कशा घट्ट मिटलेल्या होत्या, जणू काही हातात धरून आणले होते आणि द्यायचे राहून गेले. एका दुपारी तिने वाफाळत्या भातावर बरणीतली चमचाभर चरबी सोडली. ती क्षणात वितळली, शितांतून खाली उतरली, भात मोत्यासारखा चमकला. सुनेने घास घेतला. मग दुसरा. पहिल्यांदाच तिने ताट पुसून घेतले.

“हे चालेल ना, आई?” तिने विचारले.

“मासा कुठाय यात?” म्हातारी म्हणाली. “खा पोरी.”

मग तो क्रमच झाला. म्हातारी माशाची कातडी सोली, पोट चिरून बाजूला ठेवी, पाठीवरचा चरबीचा थर काढी, सगळे जाळीवर वेगळे मांडी आणि निखारा फुलवी. बाटलीवाली म्हणाली होती त्याहून जास्त वेळ भाजी. धुराने डोळे चुरचुरत, मनगटावर फोड येत, तरी ती शेवटचा थेंब गळेपर्यंत हलत नसे. पन्हळीतून पिवळसर धार वाहताना ती तिच्याकडे टक लावून पाही. तिला वाटे, एका बाजूला विष पळून चालले आहे आणि दुसऱ्या बाजूला जीव उतरतो आहे, आणि या दोहोंच्या मधोमध आपण बसलो आहोत. सुनेच्या गालांवर तुकतुकी आली. पोटातले हलू लागले. म्हातारा एकदा म्हणाला, मालकीणबाई, सुनेला एवढं चारताय, थोडं इकडेही वाढा. ती म्हणाली, तुम्हाला काय पोर व्हायचंय?

बाटलीवाली पुन्हा आली ती भर सकाळी. तिला कच्च्या माशाचा तुकडा हवा होता आणि त्याच माशाचा भाजलेला तुकडा, शेजारी शेजारी तपासायला. परसात येऊन ती चुलीपाशी उकिडवी बसली. कललेली जाळी, वेगळी काढलेली कातडी पाहून ती खरोखर हरखली. इतक्या वस्त्या फिरले, ती म्हणाली, पण सांगितलेले नीट करणारे हेच पहिले घर. म्हातारीने पदराने घाम टिपला. तिच्या तोंडावर उजेड पडला होता.

तेवढ्यात सून आतून ताट घेऊन उंबऱ्यात आली. तिला भूक लागली होती. बरणीकडे बोट करून तिने विचारले, मी घेऊ का, की तुम्ही घालता?

बाटलीवालीने बरणीकडे पाहिले. मग पन्हळीकडे. पन्हळीवरून तिची नजर थेंबामागे थेंब घरंगळत तपेलीत उतरली आणि तिथेच थांबली.

“हे कशाला जमा करता?” तिने विचारले. आवाज अगदी हलका होता.

म्हातारीने सांगितले. अभिमानाने सांगितले, सगळे सांगितले. आग कशी थेट भिडते, मासा हिच्या तोंडाला कसा लावू दिला नाही, भात कसा आता पुरता खाते. बोलता बोलता तिच्या लक्षात आले की समोरची पोरगी आता तिच्याकडे पाहत नाही. ती उठली, सुनेजवळ गेली आणि तिच्या हातातले ताट तिने दोन्ही हातांनी, तापलेले भांडे उचलावे तसे, काढून घेतले.

“ते विष आगीनं मरत नाही, आजी,” ती म्हणाली. “ते चरबीतच राहतं. मासा भाजला की चरबी गळते, आणि ते चरबीबरोबर गळतं. म्हणून मासा बरा होतो.”

चुलीवरचा मासा तडतडत होता. कुणी तो उलटला नाही.

“मग ते जातं कुठं?” म्हातारीने विचारले. उत्तर तिच्या गुडघ्याशी, तपेलीत, हळूहळू थिजत होते.

“ती टाकून द्या असं म्हणायचं मला सुचलंच नाही,” बाटलीवाली म्हणाली. “कुणी ठेवत असेल असं वाटलंच नाही हो.” ती खाली बसली. तिचे सोलवटलेले नाक लाल झाले होते आणि क्षणभर ती अगदी शाळकरी दिसली. मग तिने जे सांगायचे ते सांगितले: आजपासून बंद. ही चरबी कुठेही ओतू नका, मातीत नाही, पाण्यात नाही, चुलीत तर मुळीच नाही. उद्या बरणीसकट कचेरीत आणा, तिथे त्याची सोय आहे. पोटातल्या बाळाला काय होईल, असे सुनेने विचारले तेव्हा ती म्हणाली, सांगता येत नाही. काही होणारही नाही कदाचित. खोटे सांगत नाही, पण खरे मलाही ठाऊक नाही.

ती गेल्यावर चुलीवरचे मासे काळे पडले. म्हातारीने ते काढले नाहीत.

संध्याकाळी मुलगा ओला परतला. दगडावर बसून त्याने सगळे ऐकले. मग तो आत आला, ओल्या कपड्यांनी, जे तो कधी करत नसे, आणि आईसमोर उभा राहिला. तो ओरडेल असे सगळ्यांना वाटले. त्याने बरणी उचलली, उजेडात धरली. आतली चरबी निश्चल होती. ‘त्या वेळीही?’ एवढेच त्याने विचारले. म्हातारीने होकाराची मान हलवली. त्या वेळी बरणी याहून मोठी होती. त्याने बरणी पुन्हा जिथे होती तिथे ठेवली, फडक्याने तिच्यावरचे आपल्या बोटांचे ठसे पुसले आणि बाहेर जाऊन बसला.

घरातल्या भिंतींना माशांचा वास वर्षानुवर्षे मुरलेला होता. तो आजवर कुणाला जाणवला नव्हता. आता तो प्रत्येक कोपऱ्यातून पुढे आला. म्हातारीने हात राखेने घासले, मातीने घासले, तरी बोटांच्या पेरांत तो तुकतुकीत ओशटपणा राहिलाच. आपण उभ्या आयुष्यात ज्या ज्या माणसाला हाताने भरवले ती सगळी माणसे अंगणात रांगेने येऊन बसली आहेत असे तिला वाटले. पुढच्याने तोंड उघडले होते आणि सर्वांत शेवटी एक होते ज्याला अजून घास घेता येत नव्हता.

सकाळ होताच तिने बरणी फडक्यात बांधली. म्हातारा म्हणाला, होडीने नेतो. ती म्हणाली, पाण्यावरून नको. ती पायी निघाली तेव्हा सून मागून आली. तू कशाला, असे म्हातारीने विचारले नाही. रस्त्याला सावली नव्हती. सून थांबली की ती थांबे. मागे वळून मात्र पाहत नसे. बरणी तिने पोटाशी धरली होती, आणि दुरून पाहणाऱ्याला दोघी सारख्याच अवघडलेल्या वाटल्या असत्या.

कचेरीच्या दाराशी शिपायाने नाक दाबले. तेल विकायला आल्या असाल तर मागच्या दाराने जा, तो म्हणाला. बाटलीवाली अजून यायची होती. व्हरांड्यातल्या बाकावर बसायला गेल्या तर तो म्हणाला, बाकाला डाग पडेल, ते मडके खाली ठेवा. म्हातारीने बरणी खाली ठेवली नाही. ती स्वतः खाली फरशीवर बसली आणि बरणी मांडीवर घेतली. बायाबापड्यांचं हे असंच, शिपाई कुणाला तरी म्हणाला, देवाचा प्रसाद असल्यासारखं धरून बसतात. आतून कुणीतरी हसले. एक बाबू बाहेर आला, त्याने बरणीत डोकावून पाहिले आणि म्हणाला, एवढ्यासाठी बसून कशाला राहता, त्या नळाखाली ओतून टाका की. म्हातारीने विचारले, नळाखालचं पाणी कुठं जातं? बाबूने हाताने तलावाची दिशा दाखवली आणि दाखवता दाखवता त्याचा हात अर्ध्यावरच राहिला. तो आत गेला.

ऊन फरशीवर चढू लागले. सून बाकावर, सासू तिच्या पायाशी.

“त्याच्या वेळी,” म्हातारी समोर पाहत म्हणाली, “तू नको म्हणत होतीस. मी जबरदस्ती केली तुला.”

“नाही,” सून म्हणाली. “मी मागून घेत होते. तुम्ही झोपल्यावर बरणीत बोटं घालत होते. अजून तोंडाला पाणी सुटतंय, आई. आत्ता, इथं बसल्यावरसुद्धा.”

म्हातारीने बरणीवरचे फडके आणखी घट्ट केले.

बाटलीवाली आली ती धापा टाकत. शिपायाला तिने नुसते पाहिले आणि तो उठून उभा राहिला. तिने हातमोजे चढवले, म्हातारीच्या मांडीवरून बरणी घेतली, चिठ्ठी चिकटवली. बरणी एका जाड झाकणाच्या डब्यात गेली आणि डबा कपाटात. म्हातारीची मांडी तशीच, वाटीसारखी, उघडी राहिली. ती मिटायला तिला काही वेळ लागला.

सुनेला विचारायचे होते. वाटभर तिने ते तोंडात धरले होते.

“मूल झाल्यावर मी त्याला पाजू का? माझ्यात गेलंय ते दुधात येईल ना?”

बाटलीवालीने हातमोजे काढले. एक बोट अडकले होते, ते सोडवायला तिने जरा जास्तच वेळ घेतला.

“येईल,” ती म्हणाली. “थोडं येईल. अंगातून ते लवकर जात नाही, वर्षं लागतात. पण पाजा. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो. न पाजण्यानं बाळाचं जास्त नुकसान होतं. तळातल्या माशाला मात्र पुन्हा शिवू नका.”

“म्हणजे माहीत असून पाजायचं.”

“हो.”

सुनेच्या पोटात काहीतरी वळले. पातळाच्या कापडावर ते बाहेरूनही दिसले, तवंगाखाली मासा वळावा तसे. तिने तिथे हात ठेवला नाही. ती सासूकडे पाहत होती. एवढ्या वर्षांत तिने या बाईच्या तोंडाकडे असे पाहिले नव्हते. धुराने पिंगट झालेल्या पापण्या, मनगटावरचे फोड, आणि घास पुढे करताना ज्याचे त्याचे तोंड उघडेल या खात्रीने जन्मभर उघडत आलेले ते ओठ, जे आता घट्ट मिटले होते.

परतीच्या वाटेवर सून पुढे होती. म्हातारीचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हते. ती ते अंगापासून लांब धरून चालत होती, जणू अजून ओले असावेत. बांध दिसू लागला. दूर चिखलात माणसे ठिपक्यांएवढी वाकली होती आणि त्यांतला एक तिचा मुलगा होता. म्हातारी म्हणाली, आजपासून चूल तू बघ. मी शिवणार नाही.

सून थांबली. तिला दम लागला होता.

“मला भूक लागलीय,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर भात टाका. नुसता मिठाचा. आणि वाढा तुम्हीच.”

म्हातारी जागच्या जागी उभी राहिली. मग तिने हात खाली सोडले आणि भात किती टाकायचा ते विचारले.